पाचशे डॉलरची शर्यतगाडी आणि बोटभर जागा

मोटारींची शर्यत म्हटली, की कोट्यवधींच्या गाड्या आणि झगमगाट डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत मात्र २००६ पासून एक वेगळीच शर्यत भरते. तिचे नाव ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’. फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत होते, तिची ही थट्टा. रद्दड निघालेल्या गाडीला अमेरिकेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात! इथला नियम असा, की गाडी पाचशे डॉलरच्या आत तयार झाली पाहिजे. लोखंडी पिंजरा, पट्टे, ब्रेक असे जीव वाचवणारे सामान तेवढे या हिशेबातून वगळलेले. लबाडी आढळली, की परीक्षक दंड म्हणून फेऱ्या लावतात.

अशा स्वस्तातल्या गाडीवर हौशी मंडळी पहिला प्रयोग करतात तो तिला खाली बसवण्याचा. गाडी जमिनीलगत आली, की वळणावर भार एका बाजूला कमी झुकतो, हे खरेच आहे. त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पुढच्या स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकणे. खर्च फक्त करवतीच्या पात्याचा. गाडी दिसतेही झोकदार. पण पहिल्याच वेगवान वळणावर ती चालकाचे ऐकेनाशी होते. स्टिअरिंग वळवावे, तर गाडी आपली सरळच निघालेली!

असे का होते, हे कळायला मडगार्डच्या आत डोकवावे लागते. छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुधा ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास इंग्लंडमधील फोर्डच्या गाड्यांत रुळली. आपल्याकडे १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० लाही पुढे हीच रचना होती. तिच्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बरची नळी खाली चाकाशी जखडलेली असते, नळीतून निघणारा दांडा वर बॉडीला धरलेला असतो आणि भोवती स्प्रिंग. सायकलच्या पंपासारखा दांडा नळीत आतबाहेर होतो. शेवटी ठोकर बसू नये म्हणून दांड्यावर एक रबरी गुटका असतो.

समजा, मूळ गाडीत दांड्याला आत जायला ८० मिलिमीटर जागा आहे. स्प्रिंग कापून गाडी ५० मिलिमीटर खाली आणली, तर उरली ३०. वळणावर बाहेरच्या चाकावर भार आला, की ती क्षणात संपते आणि नळी गुटक्यावर आदळते. मग स्प्रिंग असून नसल्यासारखीच. भाराचा धक्का एकदम टायरवर येतो आणि टायर घसरतो. कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते. सहा वेढ्यांतला एक गेला, तर सुमारे २० टक्क्यांनी. पण गमावलेल्या जागेची भरपाई तेवढ्याने होत नाही. काही बहाद्दर गुटकाच काढून फेकतात. मग आतला पिस्टन तळावर आपटून शॉक अ‍ॅब्सॉर्बरच कामातून जातो. गुटका थोडा छाटावा किंवा आखूड बसवावा, पण असावा.

जाणकारांची युक्ती वेगळी आहे. स्प्रिंगला हात न लावता स्ट्रटच्या वरचा टेकू बॉडीत २० मिलिमीटर वर सरकवला, तर गाडी तेवढीच खाली येते आणि दांड्याची जागा मात्र जशीच्या तशी राहते. अडचण फक्त बॉनेटची. टेकू त्याला लागता कामा नये. दुसरा मार्ग म्हणजे स्ट्रटची नळी कापून आखूड करायची, आत दुसऱ्या एखाद्या मॉडेलचा आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवायचा आणि स्प्रिंगची बशीही त्याच मापाने खाली घ्यायची. भंगारच्या दुकानात धुंडाळले, तर तो स्वस्तात मिळतो. वेल्डिंग मात्र कसलेल्या हाताचेच हवे. हा जोड सुटला, तर चाकच सुटले. खड्ड्यात चाक लोंबते तेव्हा स्प्रिंग बशीतून निसटत नाही ना, हेही पाहावे लागते.

एवढ्याने भागत नाही. गाडी फार खाली गेली, की चाकाला धरणारा खालचा आर्म चाकाकडे वर चढलेला दिसतो. अशी गाडी वळणावर उलट जास्तच कलते आणि मिळवलेली जागा पुन्हा खाते. म्हणून आर्मचा बाहेरचा सांधा ठोकळा घालून खाली घेतात. स्टिअरिंगचा दांडाही त्याच मापाने खाली घ्यावा लागतो, नाहीतर खड्ड्यागणिक चाके आपोआप वळू लागतात.

हे सारे ट्रॅकवरचे उद्योग. आपल्याकडे गल्लोगल्ली गतिरोधक, तरीही स्प्रिंगा कापणारी मुले दिसतातच. नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असे फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्यालाही मान्य नाहीत.

जागा पुरते की नाही, हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी दांड्यावर, नळीच्या तोंडाशी घट्ट बांधतात आणि चार फेऱ्या जोरात मारतात. दांडा आत जाताना नळी पट्टीला वर ढकलते. गाडी थांबली, की नळीपासून पट्टीपर्यंतचे अंतर मोजायचे. पट्टी पार गुटक्यात रुतलेली सापडली, तर मंडळी हिरमुसतात, जॅक लावतात आणि गाडी बोटभर पुन्हा वर उचलतात.