जयपुरात दोन मीटर मांजरपाट

सहलीच्या कागदावर चौथ्या दिवसापुढे एकच शब्द होता : खरेदी. आमेरच्या किल्ल्याला तीन तास, जंतरमंतरला दीड तास आणि खरेदीला अख्खा दिवस. कागद कुंदाने केला होता, त्यामुळे तक्रारीची सोय नव्हती.

आम्ही आठजणी साताऱ्याच्या, 1979 च्या दहावीच्या. मी 34 वर्षं पोस्टात काढली, त्यातली बरीचशी पार्सलच्या खिडकीवर. मला दुकानात रमता येत नाही. काय हवं ते ठरवून जाते, घेते, परत येते. नवऱ्याची याबद्दल आजवर काही तक्रार नाही, पण बाकीच्या सातजणींच्या मते हा आजार आहे.

सकाळी नाश्त्याला कुंदाने वही काढली. तिच्यात 23 नावं होती. सून, नणंदेच्या दोन मुली, विहीणबाई, धुणंभांड्याच्या मावशी, सोसायटीच्या वॉचमनचं बाळ, भिशीतल्या चौघी. "एवढ्या सगळ्यांना कशाला गं?" मी विचारलं. "अगं, विहीणबाईंनी काश्मीरहून शाल आणली होती," कुंदा म्हणाली, आणि वही पुढे सरकवली. नावापुढे कोणी काय दिलं होतं तेही लिहिलेलं. मी आयुष्यभर जमाखर्चाची रजिस्टरं भरली, त्यामुळे मला ही वही लगेच कळली. बाजारातल्या निम्म्या खरेदीत हौस नसतेच. तिथे जुनी देणी फिटत असतात, आणि 'जयपूरला गेली अन् हात हलवत आली' हे ऐकायची कोणाची तयारी नसते.

ड्रायव्हरने गाडी बाजाराकडे न नेता गावाबाहेरच्या एका पांढऱ्या इमारतीसमोर उभी केली. "फॅक्टरी है, माताजी. डायरेक्ट रेट." खाली एका टेबलावर एका माणसाने चार ठशांत चार रंगांचा हत्ती छापून दाखवला. ठसा ठशावर अचूक बसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चहा आला. मग आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं, जिथे हजारो चादरी होत्या आणि बाहेर जायचा जिना लवकर सापडत नव्हता.

ही पद्धत पर्यटनाच्या बहुतेक गावांत आहे, जयपूरवर रागावण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक आणणाऱ्याला विक्रीवर टक्केवारी मिळते आणि ती आधीच किमतीत धरलेली असते. म्हणजे ड्रायव्हरचं कमिशन दुकानदार देतो असं दिसतं, पण ते आपणच दिलेलं असतं. आमचा ड्रायव्हर खाली बाकावर बसून होता. आम्ही निघालो तशी त्याच्या हातात एक चिठ्ठी आली. त्याचा महिन्याचा पगार किती ते मी त्याला आदल्या दिवशीच विचारलं होतं, त्यामुळे माझा राग फार टिकला नाही. कुंदाने मात्र तिथे 1,800 रुपयांना घेतलेल्या चादरीसारखी चादर दुपारी बापू बाजारात 900 पासून सुरू झाली, तेव्हा ती दहा मिनिटं कोणाशी बोलली नाही.

त्या वरच्या मजल्यावर माझा थोडा उपयोगही झाला. आदल्या दिवशी आमेरला अनोखीचं हातछपाईचं संग्रहालय आहे तिथे मी बराच वेळ रेंगाळले होते. ठसा शिसवी लाकडाचा, त्याला हवा जायला बारीक भोकं पाडलेली, आणि प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. हाताने छापलेल्या कापडात जिथे एक ठसा संपून दुसरा लागतो तिथे कुठेतरी केसभर फट पडते, नाहीतर रंगावर रंग चढतो. जाळीतून छापलेल्या स्क्रीन प्रिंटमध्ये सगळं कसं एकसारखं. आणखी एक ऐकलेलं : सांगानेरची जात म्हणजे पांढऱ्या कापडावर नाजूक फुलं, बगरूची म्हणजे मातकट जमीन आणि चिखलाचा लेप लावून रंग अडवायची दाबू पद्धत. मी चादरीचा सांधा शोधत बसले. पंधरा चादरींत एकीवर सापडला. सेल्समनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला खिडकीच्या दुसऱ्या बाजूने चांगली ओळखीची आहे.

रजईचंही तेच झालं. "सिर्फ ढाई सौ ग्राम," तो म्हणाला. मी रजई दोन हातांवर घेतली. हातावर पार्सल तोलून तिकिटांचा अंदाज करण्यात माझी हयात गेली. "किलोच्या आसपास आहे," मी म्हटलं. काउंटरवरच्या काट्यावर 940 ग्रॅम भरलं. मग त्याने हसत सांगितलं की अडीचशे ग्रॅम हे आतल्या कापसाचं वजन, वरचं कापड वेगळं. जयपुरी रजईचं खरं कौतुक तेच आहे : इतका थोडा कापूस इतका पिंजून सगळीकडे सारखा पसरायचा की ऊब राहावी आणि ओझं वाटू नये. हे त्याने आधी सांगितलं असतं तर आमच्यातल्या शोभाने दोन घेतल्या असत्या. तिने एकच घेतली.

अकराच्या सुमारास आम्ही एकदाच्या परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, शिरलो आणि मला बरं वाटलं. जयपूरचा बाजार पर्यटकांसाठी मागाहून बसवलेला नाही. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये हे शहर वसवलं तेव्हा रुंद रस्ते, चौपड म्हणजे मोठे चौक आणि कडेची दुकानं आराखड्यातच होती. गल्ल्यांची नावंसुद्धा धंद्यांवरून : ठठेरों का रास्ता, मनिहारों का रास्ता. दुकानांपुढचे सलग व्हरांडे मात्र पुढचे, 1940 च्या दशकात दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळातले. एम. आय. रोड हे नाव त्यांचंच. ज्यांना काही घ्यायचं नाही त्यांच्या वतीने मी या दिवाणसाहेबांचे आभार मानते. मॉलमध्ये रिकाम्या माणसाला उभं राहायला जागा नसते. इथे खांबाला टेकून सावलीत तासभर काढता येतो, आणि समोरून सगळं शहर जात असतं.

चौथ्या दुकानापाशी मी संप पुकारला. भांडण नाही, रुसवा नाही. "दीड वाजता जोहरी बाजारात एल. एम. बी. या मिठाईच्या दुकानाच्या दारात भेटू, तोवर तुम्ही मोकळ्या आणि मीही." त्या इतक्या पटकन कबूल झाल्या की मला जरा लागलंच. दारात उभं राहून घड्याळाकडे बघणारी बाई असली की कोणालाही नीट घासाघीस करता येत नाही, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. शोभा तेवढी माझ्याबरोबर आली. तिला लाखेच्या बांगड्या हव्या होत्या.

त्रिपोलिया बाजारातून मनिहारों का रास्ता या गल्लीत वळलं की दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या राशी. एका दुकानाच्या पायरीवर निखाऱ्यांची शेगडी होती आणि तिच्यामागे एक म्हातारा कारागीर. मी पुढे जाणार तेवढ्यात वास आला. लाखेचा. पोस्टात विम्याच्या पाकिटांवर आणि थैलीच्या गाठीवर आम्ही लाखेची मोहर करायचो. कांडी ज्योतीवर धरायची, थेंब गाठीवर पाडायचा आणि पितळी सील पाण्यात बुडवून दाबायचं. सील कोरडं असलं की लाख त्याला चिकटून उचलून येते आणि साहेबांची बोलणी बसतात. मी पायरीवर बसले ती दीड वाजेपर्यंत उठले नाही.

काठीच्या टोकाला लाखेचा गोळा. तो निखाऱ्यावर फिरवत मऊ करायचा, त्यावर रंगीत लाखेची कांडी घासायची, की मळकट गोळ्याला डाळिंबी साल चढते. मग लाकडी फळीने तो लाटत लाटत पेन्सिलीएवढी वळी ओढायची. हवी तेवढी तोडून, गरम असतानाच गोल वाकवून टोकं जुळवायची आणि निमुळत्या लाकडी दांड्यावर सरकवून माप पक्कं करायचं. सांध्यावरून त्याचा अंगठा एकदा फिरला आणि सांधा नाहीसा झाला. मला तो शोधूनही सापडला नाही. पळस, बोर, कोशिंब यांच्या फांद्यांवर एक बारीकसा किडा अंगाभोवती जे कवच करतो, ती ही लाख.

मापाचा घोळ तिथेच सुटला. शोभाकडे नणंदेचं माप होतं 'दोन-दहा' आणि स्वतःचं 'दोन-सहा'. दशांश समजून ती नणंदेच्या बांगड्या लहान मागत होती. हे दशांश नाहीत. दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग, त्यातले सहा किंवा दहा. दोन-आठ म्हणजे अडीच इंच, आणि दोन-दहा हे दोन-सहापेक्षा मोठं. 1957 पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, तसाच हा हिशोब, फक्त तो मनगटावर टिकून राहिला. मापाची खात्री नसेल तर जुनी बांगडीच बरोबर न्यावी. आणि लाखेच्या बांगड्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत, असं त्या म्हाताऱ्या कारागिराने बजावलं.

संध्याकाळी खोलीत सगळा ढीग पडला तेव्हा गप्पा थांबल्या. परतीचं विमान होतं आणि सामानाची मर्यादा माणशी 15 किलो. त्यात आमच्यातल्या विजूच्या निळ्या पॉटरीच्या सहा बशा. या भांड्यांत नेहमीची कुंभारकामाची माती नसते. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक. दिसायला सुरेख, पण पार्सलवाल्याच्या मते ती काचच. कृपालसिंह शेखावत यांनी विसाव्या शतकात ही मोडकळीला आलेली कला पुन्हा उभी केली. ती त्यांनी माझ्यासारखीच्या हातून फुटण्यासाठी केली नसणार.

"तू पोस्टातली ना?" कुंदा म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा माझी कोणाला गरज पडली होती. मी खाली उतरले आणि एका कापडाच्या दुकानात मांजरपाट मागितला. दुकानदाराने लेहरिया दाखवला, बांधणी दाखवली, सांगानेरी दाखवलं. "भैया, सादा. कोरा." "माताजी, जयपुर आके सादा?" शेवटी त्याने मागच्या खोलीतून गठ्ठा आणला आणि नाराजीने दोन मीटर फाडून दिले. सुई, दोरा आणि दाभण माझ्या पर्समध्ये असतातच.

बशा रजईच्या मधोमध घातल्या, भोवती चादरी, आणि खोकं मांजरपाटात शिवून टाकलं. सकाळी एम. आय. रोडवरच्या जी.पी.ओ.त वजन भरलं 11 किलो 300. खिडकीवरच्या मुलीने शिवण उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता पावती दिली.

पार्सल साताऱ्याला आठव्या दिवशी आलं. सहाही बशा शाबूत होत्या. मांजरपाट मी उसवून, धुऊन, घडी करून ठेवला आहे.