व्यवस्थापकीय नेतृत्वविकास

कार्यसंस्थेत इतरांकडून काम करून घेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर सोपविलेली असते, अशा व्यवस्थापक, पर्यवेक्षक, मुकादम इ. व्यक्तींच्या अंगी सहकाऱ्यांना समान उद्दिष्टाकडे नेण्याची पात्रता हेतुपुरस्सर वाढविण्याची प्रक्रिया. व्यवस्थापकास नेमणुकीबरोबर काही अधिकार प्राप्त होतात : काम वाटून देणे, रजा मंजूर करणे, वेतनवाढीची शिफारस करणे, शिस्तभंगाबद्दल कारवाई करणे इत्यादी. या अधिकारांच्या बळावर कामगार हजर राहतो व सांगितलेले काम करतो. परंतु कोणाच्याही ध्यानात न आलेला दोष नजरेस आणून देणे, अडचणीच्या वेळी आपण होऊन थांबणे, नवख्यास हातोटी शिकविणे या गोष्टी अधिकाराने घडवून आणता येत नाहीत. त्या ज्यायोगे घडतात, त्यास येथे नेतृत्व म्हटले आहे. राजकीय नेत्याची निवड अनुयायी करतात. व्यवस्थापकास मात्र वरिष्ठ नेमतात आणि ज्यांचे नेतृत्व करावयाचे, त्यांची संमती त्यास नंतर रोजच्या कामातून मिळवावी लागते.

नेतृत्वगुण उपजत असतात की संपादन करता येतात, हा वाद जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेत्याची बुद्धिमत्ता, वक्तृत्व, आत्मविश्वास, एवढेच नव्हे तर उंचीसुद्धा मोजून गुणांच्या याद्या करण्याकडे संशोधकांचा कल होता. अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन राल्फ स्टॉग्डिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये असे दाखवून दिले की, केवळ काही गुणांच्या संचयाने कोणी नेता होत नाही. परिस्थिती पालटली की आवश्यक गुणही पालटतात. तत्पूर्वी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात झालेल्या प्रयोगांनी (१९२४–३२) कामगारांच्या गटातील परस्परसंबंधांकडे लक्ष वेधले होते, तर कुर्ट लेविन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये शाळकरी मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगांतून हुकूमशाही, लोकशाही व मोकळीक देणारी अशा नेतृत्वाच्या तीन पद्धतींचे परिणाम निरनिराळे होतात, असे आढळून आले. येथून पुढे ‘नेता कसा असतो’ या प्रश्नाची जागा ‘नेता काय करतो’ या प्रश्नाने घेतली. वर्तन शिकता येते. म्हणून नेतृत्वविकासाच्या कल्पनेला शास्त्रीय आधार मिळाला तो याच काळात.

ओहायओ राज्य विद्यापीठातील संशोधकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यवेक्षकाच्या वर्तनाची दोन प्रमुख अंगे निश्चित केली. पहिले कार्यरचनेचे : कोणी, केव्हा, कोणत्या पद्धतीने काम करावयाचे हे स्पष्ट करणे. दुसरे सहृदयतेचे : माणसांचे म्हणणे ऐकणे, त्यांच्या अडचणींची दखल घेणे, त्यांचा मान राखणे. एडविन फ्लाइशमन व एडविन हॅरिस यांनी एका ट्रक-कारखान्यातील मुकादमांचा अभ्यास करून १९६२ मध्ये काढलेला निष्कर्ष व्यवहारात फार उपयोगी पडतो. ज्या मुकादमांच्या वर्तनात सहृदयता अत्यल्प होती, त्यांच्या हाताखाली तक्रारींचे प्रमाण अधिक आढळले. त्यांनी कामाचा काच सैल केला, तरी त्यात विशेष घट झाली नाही. उलट सहृदय मुकादमाने कामाची शिस्त वाढविली, तरी तक्रारी फारशा वाढल्या नाहीत. ‘कडक राहावे की मऊ’ हा नव्या व्यवस्थापकास पडणारा नेहमीचा प्रश्न चुकीच्या रीतीने मांडला जातो, हे यावरून दिसून येईल.

त्याच फ्लाइशमनचा १९५३ मधील दुसरा अभ्यास प्रशिक्षणवर्ग चालविणाऱ्यांना अडचणीत टाकणारा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने आपल्या मुकादमांसाठी मानवी संबंधांविषयीचा अभ्यासवर्ग चालविला होता. वर्ग संपताच घेतलेल्या चाचणीत मुकादमांची मते बदललेली दिसली. मात्र कारखान्यात परतल्यावर त्यांच्या वर्तनात अपेक्षित फरक टिकला नाही. मुकादम कसा वागतो, हे त्याने वर्गात काय ऐकले यापेक्षा त्याचा वरिष्ठ त्याच्याशी कसा वागतो, यावर अधिक अवलंबून असल्याचे आढळले. सत्तर वर्षे उलटूनही या निष्कर्षाकडे काणाडोळा केला जातो. कनिष्ठांना वर्गात पाठवून वरिष्ठांनी आपल्या जागी जसेच्या तसे राहावे, हा या क्षेत्रातील सर्वांत महागडा दोष होय.

फ्रेड फीडलर (१९६७), तसेच पॉल हर्सी व केनेथ ब्लँचर्ड (१९६९) यांनी परिस्थिती व कामगारांची तयारी यांनुसार नेतृत्वाची पद्धत बदलावी, असे प्रतिपादिले. भारतीय परिस्थितीच्या दृष्टीने जे. बी. पी. सिन्हा यांचे विवेचन (१९८०) अधिक महत्त्वाचे आहे. त्यांच्या मते भारतीय कामगाराची वरिष्ठाकडून वडीलकीच्या मायेची अपेक्षा असते. परंतु ही माया कामाशी निगडित असावी लागते. जो काम चोख करतो, त्याच्याविषयी वरिष्ठाने जिव्हाळा दाखवावा, मार्गदर्शन करावे आणि त्याची तयारी वाढेल तसतसा सहभागही वाढवीत न्यावा, अशी ही पद्धत आहे. कामाची अट गळून केवळ माया उरली, तर तिचे रूपांतर मर्जीत होते, हा तिच्यातील धोका होय.

मोठ्या कारखान्यांच्या अनुभवावर रचलेले हे विचार लहान व हंगामी उद्योगांस कितपत लागू पडतात, हे पाहण्यासाठी सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या (जिनिंग-प्रेसिंग) उद्योगाचे उदाहरण घेता येईल. बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले जळगाव जामोद (खानदेशातील जळगावाहून वेगळे ओळखता यावे, म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव त्यास जोडले जाते) हे कापसाच्या मुलखातील तालुक्याचे ठिकाण. अशा गावांतील जिनिंग कारखान्यात कायम नोकर मोजके असतात : व्यवस्थापक, कारकून, काटेवाला, फिटर व पहारेकरी. दसरा-दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की मजुरांच्या टोळ्या येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. टोळी मुकादमाची असते. उचल त्याच्याकडून घेतलेली, शब्द त्याचा पाळावयाचा. व्यवस्थापकाची मजुरांशी ओळख होईपर्यंत हंगाम अर्धा सरतो. अशा स्थितीत व्यवस्थापकाने मुकादमास डावलून थेट मजुरांवर हुकूम सोडले तर मुकादम दुखावतो आणि सर्वस्वी मुकादमावर विसंबून राहिले तर मजुराची खरी अडचण कार्यालयापर्यंत पोहोचतच नाही. मुकादमाचा मान राखून प्रत्येक मजुराचे नाव, गाव व काम ठाऊक करून घेणे, हे येथील नेतृत्वाचे पहिले कौशल्य होय. त्याकरिता पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास रेच्यांजवळ घालविण्यापलीकडे कोणतेही साधन लागत नाही.

या उद्योगातील सर्वांत मोठे भय आगीचे. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा वेगाने फिरणाऱ्या भागावर आपटला की ठिणगी उडते व ती रुईत दडून राहते. अशी धुमसती रुई गाठीत दाबली गेली, तर गाठ गुदामात गेल्यावर काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. ठिणगी प्रथम दिसते ती रेच्यावर कापूस टाकणाऱ्या मजुरास. पुष्कळदा ही व्यक्ती म्हणजे रोजंदारीवरील स्त्री असते. कारखान्याच्या श्रेणीत तिचे स्थान सर्वांत खालचे, तरीही त्या क्षणी यंत्र थांबविण्याचा निर्णय तिलाच घ्यावयाचा असतो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आत यंत्र थांबविले म्हणजे उत्पादन बुडते. अशा वेळी ती ओरडेल की गप्प बसेल, हे भिंतीवरील सूचनाफलकावर अवलंबून नसते. यापूर्वी कोणी यंत्र थांबविले आणि संशय खोटा ठरला, तेव्हा व्यवस्थापक काय बोलला होता, यावर ते अवलंबून असते. त्या वेळी त्याने ‘बरे केले, पुन्हा शंका आली तर पुन्हा थांबव’ असे सर्वांदेखत म्हटले असेल, तर पुढची ठिणगी वेळीच कळण्याचा संभव असतो. उलट बुडालेल्या वेळाचा हिशेब मागितला असेल, तर पुढच्या खेपेस सगळेच गप्प राहतात. हाताखालच्या माणसाने आणलेली वाईट बातमी ऐकून घेण्याची सवय ही इतर कोणत्याही कौशल्यापेक्षा अधिक सरावाने येते आणि एका प्रसंगात नाहीशीही होते.

ओल्या किंवा कचऱ्याच्या कापसाचा प्रश्न निराळ्या प्रकारचा आहे. दूरच्या खेड्यातून रात्रभर गाडी हाकीत आलेल्या शेतकऱ्यास ‘माल ओला आहे’ असे सांगावे लागते. राज्यात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर सुमारे तीन दशके प्रतवारीचा निर्णय मुख्यतः पणन महासंघाच्या प्रतवारीकाराचा असे आणि कारखाना मजुरीने प्रक्रिया करून देई. ती व्यवस्था संपल्यावर हा वाद पुष्कळ ठिकाणी कारखान्याच्या दारात आला. काटेवाल्याने किंवा पारखी करणाऱ्याने नियमाप्रमाणे दिलेला निकाल ओळखीच्या माणसासाठी व्यवस्थापकाने फिरविला, तर त्या कर्मचाऱ्याचा अधिकार त्या दिवशी संपतो. निकाल बदलणे खरोखरच आवश्यक असेल, तर तो त्या कर्मचाऱ्याशी बोलून, त्याच्याच तोंडून बदलावा.

वेतनाचा अधिकार मुळीच हाती नसता नेतृत्व कसे चालते, याचे उदाहरण याच जिल्ह्यातील शेगाव येथे सापडते. श्री संत गजानन महाराज संस्थानाचे व्यवस्थापन दीर्घकाळ सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील (१९४०–२०२१) यांनी विनावेतन सेवेकऱ्यांच्या बळावर भाविकांची निवास-भोजनव्यवस्था, स्वच्छता, रुग्णसेवा व शिक्षणसंस्था यांचा मोठा व्याप उभा केला. खेड्यापाड्यांतून येणारे स्त्री-पुरुष आळीपाळीने ठराविक दिवस सेवा करतात. संस्थानाच्या साधनांचा स्वतःसाठी उपयोग न करण्याचा भाऊंचा नेम सर्वश्रुत होता. श्रद्धेवर उभी असलेली ही व्यवस्था कारखान्यात जशीच्या तशी आणता येणार नाही. मजुराने मजुरी सोडून भक्तिभावाने राबावे, असा अर्थ कोणी त्यातून काढला तर तो अन्याय ठरेल. तथापि दोन गोष्टी घेता येतात : झाडलोटीचे काम व कार्यालयीन काम यांस सारखाच मान देणे आणि जो नियम इतरांस लावावयाचा, तो प्रथम स्वतःस लावणे.

नेतृत्वविकासाच्या पद्धतींत प्रत्यक्ष कामावरील शिक्षण व वर्गातील शिक्षण असे दोन ढोबळ भेद पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालेली उद्योगांतर्गत प्रशिक्षणाची (टीडब्ल्यूआय) योजना पर्यवेक्षकांसाठी होती आणि युद्धानंतर ती अनेक देशांत गेली. काम कसे शिकवावे, याचे तिने घातलेले चार टप्पे आजही उपयुक्त आहेत : शिकणाऱ्याची मानसिक तयारी करणे, काम करून दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे व नंतर काही दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवणे. बहुतेक पर्यवेक्षक दुसऱ्या टप्प्यावर थांबतात. माणसांशी वागण्याविषयी याच योजनेने सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत : काम कसे चालले आहे हे माणसास कळू द्यावे, चांगल्या कामाचे श्रेय द्यावे व बदल करावयाचा असल्यास आगाऊ कल्पना द्यावी. नाट्यीकरण, प्रसंगाभ्यास, गटचर्चा, विभागांतून बदली, अनुभवी व्यवस्थापकाच्या हाताखाली उमेदवारी या अन्य पद्धती होत. पहिल्या दोहोंचा उपयोग सरावापुरता असतो. उमेदवारीचा परिणाम अधिक टिकतो, अर्थात गुरू चांगला असेल तर.

कामाच्या रचनेत बदल करूनही नेतृत्व विकसित होते. अहमदाबाद येथील कॅलिको मिलमध्ये १९५३ मध्ये ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकाने केलेला प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. स्वयंचलित मागांच्या एका विभागात २२४ माग असून २९ कामगार १२ प्रकारची कामे वेगवेगळी करीत. एकमेकांशी त्यांचा संबंध धड जुळलेला नव्हता. ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी लहान गटांवर सोपविल्यावर कापडाचे उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण घटले. गटांतून पुढारी आपोआप पुढे आले. एरिक मिलर याने १९७० मध्ये केलेल्या फेरपाहणीत मात्र ही पद्धत सर्वत्र सारखी टिकलेली आढळली नाही. काही विभाग जुन्या वळणावर गेले होते.

व्यवस्थापन शिक्षणाच्या सोयी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत : मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अध्ययन संस्था (१९६५), सहकारी क्षेत्रासाठी पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था, नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था (२०१५) इत्यादी. कामगारांच्या शिक्षणासाठी १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मंडळाचे मुख्यालयही नागपुरातच होते. तथापि तालुक्याच्या गावातील कारखान्याचा व्यवस्थापक या संस्थांपर्यंत क्वचितच पोहोचतो. बहुधा तो कारकून किंवा फिटर म्हणून लागलेला आणि कामातील हुशारीमुळे वर चढलेला असतो. त्याची मुख्य अडचण अशी की, जे काम तो स्वतः उत्तम करीत होता, ते आता दुसऱ्यास मंदगतीने करताना पाहावे लागते व हात घालण्याचा मोह आवरावा लागतो. मालकाने पहिल्या हंगामात त्यास किरकोळ चुका करू द्याव्यात आणि त्यांवर आठवड्यातून एकदा एकांतात बोलावे, एवढी तजवीज लहान संस्थेस परवडण्याजोगी आहे.

नेतृत्वविकासाचे मूल्यमापन अवघड असते. प्रशिक्षणार्थीचा अभिप्राय वर्गाच्या अखेरीस बहुधा अनुकूलच येतो. त्यावरून फारसे अनुमान निघत नाही. गैरहजेरी, तक्रारी, अपघात, यंत्र बंद पडण्याचा वेळ व खराब माल यांची प्रशिक्षणापूर्वीची व सहा महिन्यांनंतरची नोंद ताडून पाहणे अधिक विश्वसनीय होय. अपघातांच्या नोंदी वाढल्या, तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. पूर्वी लपविले जाणारे लहान अपघात आता सांगितले जात असण्याचाही संभव असतो. हंगामी उद्योगात आणखी एक मोजमाप उपलब्ध असते : गेल्या वर्षीच्या टोळीतील किती माणसे यंदा त्याच कारखान्याच्या दारात परत आली, ते हजेरीपत्रकावरून मोजता येते.