भात कमी, तर सुई किती?

मोहाडीत 'जेवलात का?' हा प्रश्न खरं तर 'भात खाल्लात का?' असाच असतो. भंडारा–तुमसर रस्त्यावरचा हा तालुका धानाचा. पावसाळ्यात बांध्यांमध्ये रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि वर्षभर ताटात भात. अशा घरात एखाद्या मुलाला किंवा तरुणाला टाईप वन मधुमेह निघाला की घरचे पहिल्यांदा भाताबद्दलच विचारतात : बंद करायचा का? अलीकडे या प्रश्नाला मोबाईलवर आयतं उत्तर मिळतं. कार्ब कमी करा, शुगर आटोक्यात येईल. हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं इन्सुलिनच्या डोसबद्दल आहे, आणि तेच सांगायचं राहून गेलं तर माणूस जेवणानंतर तासाभरात घामाघूम होऊन कोसळू शकतो.

ताट आणि सुई यांचं नातं गेल्या शंभर वर्षांत बरंच पालटलं आहे.

सुई नव्हती तेव्हा ताट तोडणं हाच उपचार होता. १७९७ मध्ये जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने मधुमेहासाठी जवळजवळ निव्वळ मांसाहार सुचवला. १९१० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रेडरिक ॲलन यांनी हीच वाट टोकाला नेली. लघवीतली साखर जाईपर्यंत उपास आणि नंतर मोजून-मापून चार घास. अमेरिकी राजकारणी चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ ११ व्या वर्षी आजारी पडली आणि १९१९ पासून ॲलन यांच्या आहारावर राहिली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोचली, तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या या मुलीचं वजन होतं सुमारे २० किलो. त्याच वर्षी जानेवारीत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. एलिझाबेथला इन्सुलिन सुरू झालं, ताटात पाव परतला, अंगावर मांस चढलं. ती १९८१ पर्यंत जगली.

कार्ब कमी करण्याचा विचार इन्सुलिनहून जुना आहे, हे यातून दिसतं. त्याने ॲलन यांच्या रुग्णांचं आयुष्य काही महिन्यांनी, फार तर काही वर्षांनी वाढलं. आजार मात्र हटला नाही. टाईप वनमध्ये स्वादुपिंड इन्सुलिन बनवणंच जवळपास थांबवतं. त्यामुळे ताटात एकही दाणा नसला तरी शरीराला इन्सुलिन लागतंच. 'भात सोडला, आता सुई सोडू' असं ज्या घरात ठरतं, तिथे शंभर वर्षांपूर्वीचाच धोका दारात उभा राहतो.

पुढची सत्तरेक वर्षं ताट सुईला बांधलेलं होतं. १९३६ मध्ये प्रोटामिन इन्सुलिन आणि १९४६ मध्ये एनपीएच आलं. ही इन्सुलिनं तासन्‌तास काम करत. सकाळी टोचलेल्या एनपीएचचा जोर दुपारी चढे, म्हणून दुपारचं जेवण ठरल्या वेळी, ठरल्या मापाचं हवंच. घरी रक्तातली साखर मोजायचं साधनच नव्हतं, तर डोस रोज बदलणार कशाच्या जोरावर?

ही गाठ सोडवणाऱ्यांत एक इंजिनिअर होता. रिचर्ड बर्नस्टाईन यांना १९४६ मध्ये, १२ व्या वर्षी टाईप वन झाला. १९६९ च्या सुमारास त्यांनी डॉक्टर पत्नीच्या नावावर ग्लुकोमीटर मागवला, कारण ते यंत्र तेव्हा रुग्णांना विकतच नसत. दिवसातून कित्येकदा साखर मोजून त्यांनी स्वतःपुरता नियम काढला : कार्ब थोडे असले की इन्सुलिन थोडं लागतं, आणि इन्सुलिन थोडं असलं की अंदाज चुकला तरी चूक लहानच राहते. आपलं म्हणणं ऐकून घ्यावं म्हणून पंचेचाळिशीत ते वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि डॉक्टर झाले. १९९७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. २०२५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले. टाईप वन घेऊन जवळपास आठ दशकं जगलेल्या माणसाचं म्हणणं सहज झटकून टाकता येत नाही. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही : त्यांचा मीटर आधी आला, आहार त्यानंतर.

१९९३ मध्ये डीसीसीटी हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १,४४१ रुग्ण, सरासरी साडेसहा वर्षं. साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात, हे सिद्ध झालं. पण काटेकोर गटात तीव्र हायपो, म्हणजे साखर धोक्याइतकी खाली जाण्याचे प्रसंग, तिपटीने वाढलेले दिसले. तेव्हापासून ताटातले कार्ब मोजून त्या-त्या जेवणाचा डोस काढण्याची रीत पसरत गेली. म्हणजे आता सुई ताटामागे चालू लागली.

विदर्भात याच सुमाराला प्रश्न याहून फार मूलभूत होता : इन्सुलिन परवडणार कसं? नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला तो टाईप वन असलेल्या गरीब घरच्या मुलांना इन्सुलिन फुकट मिळावं म्हणून. या कामाचं मोल नुसत्या बाटल्या मोजून कळायचं नाही. बाटली महिनाअखेरपर्यंत पुरेल की नाही, या काळजीत असलेलं घर कार्बचं गणित करायला बसत नाही. डोसची चर्चा सुरू व्हायला आधी डोस हाती असावा लागतो.

ते गणित एकदा जवळून पाहू. समजा, एखाद्या प्रौढाला दिवसाला ४० युनिट लागतात : निम्मं लांब चालणारं बेसल, निम्मं जेवणापुरतं जलद इन्सुलिन. डॉक्टर ढोबळ अंदाजासाठी ५०० ला एकूण युनिटांनी भागतात. उत्तर येतं साडेबारा, म्हणजे एक युनिट साधारण साडेबारा ग्रॅम कार्ब पेलतं. पाव किलो शिजलेल्या भातात सुमारे ७० ग्रॅम कार्ब, वाटीभर वरणात १७. झाले ८७. डोस सात युनिट. आता या माणसाने भात वगळला. ताटात तळ्यातल्या माशाचा रस्सा, पालेभाजी, अर्धी वाटी वरण. कार्ब जेमतेम १५ ग्रॅम. लागणार एक, फार तर सव्वा युनिट. सवयीने त्याने सातच टोचले, तर जवळपास सहा युनिट जादा गेले. दुसरा ढोबळ अंदाज १८०० भागिले ४०, म्हणजे एक युनिट साखर सुमारे ४५ ने उतरवतं. सहा युनिट कागदावर २७० ने उतरवतील. जेवणाआधीची शुगर होती १५०.

म्हणून जेवणाचा डोस त्याच जेवणाला कमी करावा लागतो, 'आठवडाभर बघू' म्हणून भागत नाही. बेसलचं तसं नाही. उपाशीपोटीची आणि पहाटेची साखर काही दिवस पाहून डॉक्टर तो बहुधा १० ते २० टक्क्यांनी उतरवतात, पण शून्यावर कधीच आणत नाहीत. त्यातही एक मेख आहे. मासे, अंडी, पनीर भरपूर खाल्लं की प्रथिनांमुळे साखर तीन-पाच तासांनी हळूच चढते. जलद इन्सुलिनचा जोर तोवर ओसरलेला असतो. जेवणानंतर दोन तासांचा आकडा छान आला म्हणून निर्धास्त झोपलेल्याला सकाळी २०० दिसतात ते यामुळेही.

खेड्यापाड्यांत खरी अडचण येते ती ३०/७० च्या मिश्र इन्सुलिनने. ते स्वस्त पडतं आणि दोन सुयांत दिवस निघतो. पण त्यात जेवणाचं आणि लांब चालणारं इन्सुलिन एकाच बाटलीत असतं. जेवणाचं कमी करायला गेलं की बेसलही कमी होतं. तसंच ठेवलं तर दुपारी भात खावाच लागतो. मिश्र इन्सुलिनवर असलेल्या माणसाने आधी इन्सुलिनची पद्धत बदलून घ्यावी, मग ताट बदलावं. २०२२ मध्ये ग्लार्जिन हे बेसल इन्सुलिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं, ही त्या दृष्टीने चांगली घटना आहे.

कमी कार्बचा फायदा होतो का? २०१८ मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये ३१६ जणांची पाहणी छापून आली. रोज सरासरी ३६ ग्रॅम कार्ब खाणाऱ्या या मंडळींचं एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) सरासरी ५.६७ टक्के होतं. आकडा मोहवणारा आहे. पण हा आहार मनापासून पाळणाऱ्यांनीच ती उत्तरं दिली होती. सोडून गेलेले त्यात नाहीत. २०१७ च्या एका छोट्या प्रयोगात आठवडाभर कमी कार्ब खाल्लेल्यांची साखर उतरली असता ग्लुकॅगॉन इंजेक्शनाने ती नेहमीइतकी वर आली नाही, बहुधा यकृतातला साठाच आटलेला असल्यामुळे. वाढत्या मुलांसाठी तर 'इस्पॅड' ही बालमधुमेह तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना फार कमी कार्बची शिफारस करत नाही. तिच्या २०२२ च्या मार्गदर्शनात ४० ते ५० टक्के ऊर्जा कार्बमधून यावी असं म्हटलं आहे. मोहाडीतल्या नऊ वर्षांच्या मुलीचा भात मोजून वाढावा, तोडू नये, असंच यावरून म्हणावं लागतं.

इथल्या मातीच्या गोष्टी वेगळ्याच. रोवणीत दिवसभर चिखलात वाकून काम केलं की एरवीपेक्षा कमी इन्सुलिन पुरतं. त्यात भातही कमी केला तर साखर दोन्हीकडून घसरते. साखरेची पुडी बांधीच्या धुऱ्यावर डब्यात ठेवून उपयोग नाही, ती कमरेला हवी. शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. माता चौंडेश्वरीच्या नवरात्रात 'भात नाही, फक्त साबुदाणा' हा उपास कार्बचा उपास होत नाही, कारण साबुदाण्यात कार्बखेरीज फारसं काही नसतंच. भात सोडून भाकरी धरली तरी तेच : ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कार्ब. आणि मे महिन्यात ४५ अंशांत घरात पडून राहिलेली बाटली ताकद गमावते. मग कार्ब कमी करूनही शुगर का चढते, हे कोडं सुटत नाही. फ्रिज नसेल तर ओलसर माठात, पाणी लागणार नाही अशा बंद डबीत ती ठेवावी.

उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर मीटरवरचा आकडा बरा दिसला तरी लघवीतले कीटोन तपासावेत आणि दवाखाना गाठावा. कमी कार्ब खाणाऱ्यात साखर फार न चढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं.

ज्यांना ताट बदलायचं आहे त्यांनी आधी सात दिवस नेहमीचंच जेवावं आणि वहीत लिहावं : काय खाल्लं, किती युनिट, जेवणाआधी, दोन तासांनी, पाच तासांनी आणि पहाटे तीनला शुगर किती. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या, सोबत इन्सुलिनची बाटली आणि सिरिंजही न्या. आपल्याकडे बाटली बहुधा ४० ची (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची १०० ची. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन भरलं तर डोस अडीचपट जातो. आपली जोडी बरोबर आहे ना, हे पहिल्या भेटीतच तपासून घ्या.