छापणाऱ्याला काय ठाऊक असावे?

'कर' हा शब्द एकटाच वाचला, तर तो हात, सरकारी कर की 'काम कर' मधली आज्ञा, हे सांगता येत नाही. ते वाक्य ठरवते. संगणकाच्या स्मृतीत हीच अडचण पावलोपावली येते. ०१०००००१ हा आठ बिटांचा गट ६५ ही संख्याही असू शकतो आणि इंग्रजी 'ए' हे अक्षरही. यातले खरे कोणते, हे बिटांवर लिहिलेले नसते. ते ठरवणाऱ्या कल्पनेला 'प्रकार', म्हणजेच टाइप, म्हणतात. मग मूल्य पडद्यावर छापताना त्याचा प्रकार कोणी लक्षात ठेवायचा?

'सी' भाषेने ही जबाबदारी प्रोग्रामरवर टाकली. 'प्रिंटएफ'ला तो खुणा देतो: 'डी' म्हणजे पूर्णांक, 'एस' म्हणजे अक्षरमाला. पूर्णांकासाठी चुकून 'एस' लिहिला, तर ती संख्या स्मृतीतला पत्ता समजली जाऊन भलतेच काही छापले जाऊ शकते किंवा प्रोग्राम कोसळू शकतो. आजचे अनेक कंपायलर इशारा देतात, पण इशारा म्हणजे मनाई नव्हे. पास्कलने हे काम भाषेकडेच ठेवले. तिची 'राइटएलएन' संख्या आणि अक्षरे आपणहून ओळखते. मात्र प्रोग्रामरने घडवलेला नवा प्रकार तिला छापता येत नाही आणि तिच्यासारखी आज्ञा त्याला पास्कलमध्ये लिहिताही येत नाही.

चरित्रकार लिटन स्ट्रेची यांचे पुतणे ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्ये कोपनहेगनच्या व्याख्यानांत बहुरूपतेचे दोन भेद मांडले. यादी उलटी करणाऱ्या कृतीला आतले घटक कसले आहेत याच्याशी कर्तव्य नसते. ही प्राचलिक बहुरूपता. छपाईत नाव एक असले तरी प्रत्येक प्रकाराची कृती निराळी. ही तदर्थ बहुरूपता.

या दोहोंची सांगड १९८९ मध्ये फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी 'प्रकारवर्गा'ने घातली. हॅस्केल भाषेतला 'शो' हा असाच वर्ग. त्यात यायचे, तर स्वतःचे अक्षरांत रूपांतर कसे करायचे, हे त्या प्रकारासाठी सांगावे लागते. मग यादी छापण्याची कृती एकदाच लिहून पुरते: घटक छापता येत असेल, तर त्याची यादीही छापता येते. ज्या प्रकारासाठी अशी कृती नाही, तो छापायला सांगितल्यास कंपायलर सरळ नकार देतो. वापरणाऱ्यासमोर फुटली असती ती चूक लिहिणाऱ्याच्या टेबलावरच सापडते.