लाकडाचा दगड होतो तेव्हा

गडचिरोली जिल्हा म्हटले की साग, बांबू आणि मोह डोळ्यांपुढे येतात. याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात, आणखी एक जंगल आहे. ते उभे नसून आडवे आहे आणि लाकडाचे नसून दगडाचे आहे. वडधम येथील हे जीवाश्म उद्यान पाहण्यासाठी आम्ही उभयता मे महिन्यात आरमोरीहून मोटारीने निघालो. अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक असल्याने पहाटेच निघणे भाग होते.

मे महिना मुद्दाम निवडला होता. राजस्थानात जैसलमेरजवळ आकल येथे ज्युरासिक काळातील दगडी ओंडके आहेत. अमेरिकेतील ॲरिझोनात 'पेट्रिफाइड फॉरेस्ट' नावाचे राष्ट्रीय उद्यानच आहे. या दोन्ही जागा रुक्ष प्रदेशात आहेत. तेथे झाडोरा विरळ असल्याने जमिनीवर काय पडले आहे ते दुरूनही दिसते. आपल्याकडे मात्र तेच पालापाचोळा, गवत आणि माती यांखाली झाकलेले असते. उन्हाळ्यात गवत वाळते, पाने झडतात आणि जमीन थोडीफार उघडी पडते.

आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली हा रस्ता म्हणजे भूगर्भशास्त्राचा एक धडाच आहे. आरमोरीच्या परिसरात धानाच्या बांध्यांखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म आहेत. प्रचंड उष्णता आणि दाब सोसलेल्या अशा खडकांत जीवाश्म शोधण्यात अर्थ नसतो. सिरोंच्याकडे मात्र वालुकाश्म दिसू लागतो. वालुकाश्म म्हणजे नदीने आणून टाकलेली आणि पुढे घट्ट झालेली वाळू. जीवाश्म सापडतात ते अशा गाळाच्या थरांत. येथील थरांना सिरोंच्याजवळच्या कोटा या गावावरून 'कोटा थर' असे नाव पडले आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील याच थरांत बारापासॉरस या अवाढव्य डायनासोरची हाडे मिळाली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ साली, तेथे काम झाले, म्हणून त्याच्या जातीला १९७५ साली 'टागोराय' असे नाव देण्यात आले. त्याचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे.

आता मुख्य प्रश्न. लाकडाचा दगड कसा होतो?

झाड उन्मळून जमिनीवर पडले तर बुरशी, वाळवी आणि जिवाणू थोड्याच वर्षांत त्याची माती करतात. पण तेच झाड पुरात वाहत जाऊन वाळूखाली लवकर गाडले गेले, तर प्राणवायू न मिळाल्याने कुजण्याची क्रिया मंदावते. भूजलात थोडी सिलिका विरघळलेली असते. हे पाणी लाकडात झिरपते. सिलिका प्रथम पेशींच्या भिंतींवर बसते, मग पेशींच्या पोकळ्या भरते. मूळ सेंद्रिय द्रव्य हळूहळू नाहीसे होते, पण त्याचा साचा शिल्लक राहतो. सुरुवातीची सिलिका ओपलच्या रूपात असते. दीर्घ काळाने तिचे स्फटिकमय क्वार्ट्झ बनते. लोहाच्या संयुगांमुळे तिला तांबडा-पिवळा रंग येतो.

विद्यार्थी अनेकदा म्हणतात, "लाकडाचेच दगडात रूपांतर झाले." हे शब्दशः घेऊ नये. कार्बनच्या अणूचा सिलिकॉनचा अणू होत नाही. एक द्रव्य गेले, दुसरे त्याच्या जागी आले, आकार मात्र तोच राहिला. म्हणून तर अशा दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेशींच्या रांगा दिसतात. त्यांवरून हे वृक्ष सूचिपर्णी गटातले होते असे कळते. त्या काळी सपुष्प वनस्पतींचे राज्य आलेले नव्हते. साग नव्हता, मोह नव्हता, गवतही नव्हते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. स्पंजची पट्टी मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवून काही दिवस वाळू द्यावी. ती कडक होते. मग ती साध्या पाण्यात टाकावी. मीठ विरघळून स्पंज पुन्हा मऊ होतो. येथे उपमा कोठे तुटते ते मुलांनाच शोधू द्यावे: मीठ सहज विरघळते, क्वार्ट्झ तसे विरघळत नाही, आणि आपला स्पंज जागेवरच राहतो, लाकूड मात्र नाहीसे होते.

उद्यानातून फिरताना सौ. म्हणाल्या, "शाळेच्या संग्रहासाठी एखादा तुकडा न्यायचा मोह कोणालाही होईल." तो मोह किती महाग पडेल याचा आम्ही तेथेच हिशेब मांडला. एक मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचे घनफळ सुमारे ०.०७ घनमीटर. क्वार्ट्झची घनता पाण्याच्या सुमारे २.६ पट, म्हणजे वजन साधारण १८० किलो. तेवढाच सागाचा वाळलेला ओंडका जेमतेम ४५ किलोंचा भरेल. प्रत्येक विद्यार्थ्याने १०० ग्रॅमचा एकच तुकडा खिशात टाकला, तर १८०० विद्यार्थी हा ओंडका संपवतील. म्हणजे ५० मुलांच्या फक्त ३६ सहली! ॲरिझोनातील ओंडक्यांना १९०६ सालीच संरक्षण देण्यात आले, त्यामागे पर्यटक व व्यापारी ते उचलून नेत होते हेच कारण होते.

शिवाय तुकडा उचलला की त्याचे अर्धे मोल जाते. ओंडका कोणत्या थरात होता, कोणत्या दिशेला आडवा पडला होता, शेजारी काय होते, यांवरून प्राचीन नदीचा प्रवाह आणि काळ ठरवता येतो. कपाटात ठेवलेला तुकडा यांपैकी काहीच सांगू शकत नाही.

म्हणून सहल अवश्य न्यावी. पण सोबत मोजपट्टी, होकायंत्र आणि वही द्यावी. प्रत्येक गटाने एका ओंडक्याची लांबी, घेर व दिशा नोंदवावी, चित्र काढावे आणि दगड जेथे आहे तेथेच ठेवावा. एकाच ओंडक्याच्या दरवर्षीच्या नोंदी शाळेने जपल्या, तर तो झिजतो आहे की कोणी फोडतो आहे, हे पुढच्या तुकडीच्या मुलांना मोजून सांगता येईल.