कापसाला गॅस पुरत नाही

दिवाळी सरली की उमरखेडच्या जिनिंगवाल्यांचे फोन सुरू होतात. आग विझवायचे सिलिंडर तपासणं, भरून देणं हा माझा धंदा. आवारात कापसाच्या गंज्या, आत रुई. कापसातून आलेला एखादा खडा किंवा खिळा यंत्रात ठिणगी पाडायला पुरे. मालकाचा प्रश्न मात्र ठरलेला: "भाऊ, काटा हिरव्यात आहे ना?"

काटा पावडरच्या सिलिंडरला असतो. काळा भोंगा असलेल्या सीओटूच्या सिलिंडरला तो नसतोच, वजन करूनच कळतं. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला की भरायला द्यायचा. वापरताना भोंगा उघड्या हाताने धरू नका. त्यातून पडणारा बर्फ उणे 78 अंशांचा असतो.

ज्वाळेला जळण, उष्णता आणि प्राणवायू लागतो, हे शाळेत शिकलो. चौथी गोष्ट म्हणजे जळताना एकातून एक चालणारी रासायनिक साखळी. सीओटू प्राणवायूचं प्रमाण खाली आणतो. एबीसी पावडरमधलं मोनो अमोनियम फॉस्फेट साखळी तोडतं, शिवाय वितळून जळत्या वस्तूवर थर धरतं. साखळी तोडण्यात हॅलॉन वायूचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तो ओझोनच्या मुळावर आला, आणि 1987 च्या माँट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन बंद होत गेलं.

संगणकांच्या खोलीत त्याच्या जागी एफएम-200 आला. छतातले दोन वेगवेगळे सेन्सर आग ओळखतात, भोंगा वाजतो, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो, मग 10 सेकंदांत सगळा गॅस खोलीत. हवेत सात-आठ टक्के झाला तरी भागतं. तो मुख्यतः ज्वाळेची उष्णता शोषतो. यंत्रांवर ना पाणी, ना पावडर. पण गॅस खोलीत टिकला पाहिजे. एसीची नळी काढायला भिंतीला भोक पाडतात आणि ते बुजवायचं राहून जातं. लाखोंची यंत्रणा, आणि दोन रुपयांचं सिमेंट नाही!

कापसाची गोष्ट निराळी. ज्वाळ विझते, विस्तव गंजीच्या पोटात धुमसत राहतो. रुईच्या दाबलेल्या गाठीत तर जास्तच. कागदाच्या गठ्ठ्यांचंही तेच; 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा फायलींचे ढीग जळाले. अशा दफ्तराच्या बंद खोलीसाठी अमेरिकी मानक 65 टक्के सीओटू मागतं आणि तो 20 मिनिटं टिकवायला सांगतं. तेवढ्या सीओटूत माणूस आत राहिला तर मरेल. आणि उघड्या आवारातल्या गंजीवर तर सीओटू वाऱ्यावर जातो.

म्हणून जिनिंगवाल्यांना सांगतो: सिलिंडर यंत्राजवळच्या पहिल्या ज्वाळेसाठी आणि विजेच्या पॅनेलसाठी. गंजीसाठी पाण्याची टाकी, पंप, आवाराच्या टोकापर्यंत पोचेल असा पाइप. गंज्यांमध्ये बंब फिरेल एवढी वाट सोडा. ज्वाळ बसली की गंजी फोडून पसरवा, भिजवा, रात्री राखण ठेवा. यावर काही जण विचारतात, मग सिलिंडर कमी घेतले तर चालतील का? नाही चालणार.