का लोको धरण
का लोको धरण हे अमेरिकेच्या हवाई राज्यातील काउआई बेटावर उसाच्या मळ्यांसाठी १८९० साली बांधलेले, पुढे खाजगी मालकीत असलेले मातीचे धरण होय. १४ मार्च २००६ रोजी पहाटे, दीर्घ अतिवृष्टीनंतर, ते फुटून ७ जण मृत्युमुखी पडले. सांडव्याअभावी पाणी बांधावरून वाहिले असावे, असा स्वतंत्र चौकशीचा निष्कर्ष होता. मातीच्या बांधाला ते सहसा सोसत नाही.

शासकीय नोंदीत मात्र हे धरण ‘अल्प धोका’ वर्गात होते. हा वर्ग धरणाचा भक्कमपणा दर्शवीत नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. धरण फुटल्यास खालच्या भागात किती हानी होईल, एवढाच त्याचा अर्थ. सुस्थितीतील धरणही ‘उच्च धोका’ वर्गात असू शकते. उलट, बांध तोच राहूनही खाली घरे उभी राहिली, की वर्ग बदलावा लागतो.